टाकीतलं पाणी

मी विमान उडवायला शिकत होते तेव्हा वीस वर्षांची होते. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना माहीत होतं, कारण बाबा लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचे. शिकायचं ठिकाण घरापासून तीन तासांवर होतं. तिथे विमानांत इंधन भरायला चाकणकडचे एक काका होते. बाबांच्याच वयाचे, पण मला ताई म्हणायचे.

उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या नळीत काढून बघायचं असतं. पाणी असलं तर ते खाली बसतं, लगेच दिसतं. त्या सकाळी मला उशीर झाला होता. रात्री पाऊस पडून गेला होता, तरी मी ते बघितलं नाही. फॉर्मवर टिक मात्र केली.

जमीन सोडून दोन-तीन मिनिटं झाली असतील. इंजिन अडखळलं आणि बंदच पडलं. शिकवलं होतं तसं नाक खाली केलं आणि कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात उतरले. पुढचं चाक मोडलं, मला ओरखडाही आला नाही.

टाकीत पाणी निघालं. मी तपासलं होतं का, असं मुख्य प्रशिक्षकांनी विचारलं.

"हो सर. स्वच्छ होतं."

म्हणजे पाणी नंतर, निघायच्या आधी काकांनी इंधन भरलं तेव्हा आलं, असा अर्थ निघाला. काका भांडले नाहीत. पिंप बघूनच भरलं होतं, एवढंच म्हणत राहिले. आठवड्याभरात त्यांना काढलं. पुढे मेकॅनिक मला म्हणाला की विमानाच्या टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं होतं, पावसाचं पाणी बहुतेक तिथूनच गेलं असेल. तेव्हाही मी गप्प बसले.

वर्षभरात उडणं सोडलं. आता चाकणच्या एका कंपनीत खरेदी बघते. मागच्या वर्षी एका सप्लायरच्या गेटवर सिक्युरिटीच्या गणवेशात काका दिसले. त्यांनीच आधी ओळखलं.

"ताई, तवा कुठं लागलं न्हवतं ना?"

मी गाडीतून उतरले. "काका, मी तपासलंच नव्हतं. खोटं बोलले."

"मला वाटायचं, माझ्याच हातनं काय तरी ऱ्हायलं असंल," ते म्हणाले. "इतकी वर्सं."

मग त्यांनी सहीसाठी रजिस्टर पुढे केलं.

मी त्या प्रशिक्षण संस्थेला पत्र लिहून खरं काय ते कळवलं. उत्तर आलं नाही. त्या सप्लायरकडे पुन्हा जायची वेळ आली, तेव्हा मी सहकाऱ्याला पाठवलं.