गोठ्यातल्या बॅटऱ्या

विजेला इतका भिणारा आणि विजेबद्दल इतकं बोलणारा माणूस आमच्या कारेगावच्या घरमालकांसारखा दुसरा होणे नाही. सगळी चाळ त्यांना आप्पा म्हणायची. कंपन्यांत कामाला असलेले आम्ही भाडेकरू, कुणी लातूरचा, कुणी बिहारचा, मी यवतचा. आप्पा पायात रबरी चप्पल असल्याशिवाय दिव्याचं बटण दाबत नसत, आणि दाबत ते उलट्या बोटानं. झटका बसला तर हात आपोआप मागं येतो, असा त्यांचा सिद्धांत होता. टीव्हीवर जाहिराती लागल्या की ते टीव्ही बंद करत, "त्यालाबी जरा दम खाऊ द्या" म्हणत, आणि पुन्हा लावेपर्यंत मालिकेतल्या सुनेनं घर सोडलेलं असायचं. ती का गेली हे आप्पांच्या बायकोला, आमच्या काकूंना, कधीच कळलं नाही. आभाळात लांब कुठं गडगडलं तरी आप्पा चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दारं बडवत जायचे, "पिना काढा रं, पिना काढा!" रात्रपाळी करून झोपलेली माणसं शिव्या देत उठायची, मोबाईलची पिन काढून पुन्हा झोपायची आणि संध्याकाळी मोबाईल बंद पडून गजर न वाजल्यामुळं कामाला उशिरा पोचायची. कुणी तक्रार केली की आप्पांचं एकच उत्तर, "लाईट कुणाची वळख ठेवत न्हाई."

अशा माणसाच्या दारात मी एके दिवशी टेम्पो भरून बॅटऱ्या घेऊन उतरलो.

त्याआधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी कंपनीत क्वालिटीला होतो, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढण्याचा मला पगार मिळायचा. स्वतःत खोट काढायची सवय त्यामुळं लागलीच नव्हती. एक दिवस साहेबाशी वाजलं आणि मला साक्षात्कार झाला, की आपण कुणाच्या हाताखाली राबायला जन्मलेलो नाही. शेतात औषध फवारायचे ड्रोन तेव्हा आमच्या भागात दिसायला लागले होते. मी प्रशिक्षण घेतलं, प्रमाणपत्राला काचेची चौकट करून घेतली, कर्ज काढलं, आणि मग बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "तुम्हाला मोटारसायकल स्टँडवर सरळ लावता येत न्हाई. हवेत काय उडवताय?" मी तिच्याकडं, थोर माणसं घरच्यांकडं जसं पाहतात, तसं पाहिलं.

तर टेम्पो आला. चाळ गोळा झाली. ड्रोनपेक्षा मी बॅटऱ्यांवरच जास्त बोललो, कारण ड्रोनबद्दल मला अजून फारसं कळत नव्हतं आणि बॅटऱ्यांचं माहितीपत्रक मी येताना टेम्पोत वाचलं होतं. एकेक बॅटरी लहान पेटीएवढी, उचलताना कंबरेला कळेल इतकी जड. मी दोन्ही हातांनी ती उचलून दाखवली. आप्पा मागं, अंतर राखून, रबरी चपलांत उभे होते.

"ह्ये पेटतं का?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही आप्पा. नीट वापरली, वेळच्या वेळी काळजी घेतली, तर सहसा..."

"पेटतं का न्हाई, तेवढं सांग."

"पेटू शकतं."

"म्हंजी पेटतं. खोलीत न्हाई ठेवायचं."

मी माझी सगळी विद्वत्ता पणाला लावली. संरक्षक सर्किट, तापमानाचा सेन्सर, कंपनीची हमी. आप्पा शांतपणे ऐकून घेत होते आणि मला वाटलं की त्यांना पटतंय. माझं संपल्यावर ते म्हणाले, "गोठ्यात ठेव," आणि लगेच तिथली उरलेली जुनी वैरण हलवायला गेले. त्यांच्या गोठ्यात जनावरं उरली नव्हती. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी शेवटची गाय पाहुण्यांना देऊन टाकली होती. सिमेंटची जमीन, चहूबाजूंनी वारा, डोक्यावर पत्रा पण खाली गारवा. संध्याकाळपर्यंत त्यांनी गोठा झाडून घेतला, रंगाच्या रिकाम्या बादल्या वाळूनं भरून ओळीनं मांडल्या आणि विडी ओढणाऱ्यांना चिंचेच्या झाडापलीकडं हद्द आखून दिली. बिहारच्या पोरांपैकी एकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भैया, इसमें बम है क्या?"

माहितीपत्रक मी आप्पांना मराठीत सांगायला बसलो, ही माझी मोठी चूक. मी अशा सूचना वाचतो त्या दुसऱ्याला सांगण्यासाठी. आप्पांनी त्या पाळण्यासाठी ऐकल्या. चार्जिंग चालू असताना बॅटरी एकटी सोडू नये, असं त्यात होतं. मी पिन लावून चहाला निघालो, तर मागून हाक आली, "कुठं चाललास? एकटी ठिवू नकु म्हनलाय न्हवं?" म्हटलं, दहा मिनिटांत येतो. त्यावर आप्पांनी खुर्ची आणली, गोठ्याच्या तोंडाशी टाकली आणि बसले. त्या दिवसापासून माझ्या बॅटऱ्या त्यांच्या देखत चार्ज होऊ लागल्या. जेवणाची वेळ झाली तर काकू ताट तिथं आणून देत आणि म्हणत, "गाय व्याली तवाबी इतकं बसलं न्हवतं हे."

शेतातून आणल्यावर बॅटरी गरम असते, ती थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, हा दुसरा नियम. आप्पा हाताची उलटी बाजू तिच्या अंगाला लावून पाहत, पोराचा ताप बघावा तसा. मग डोळे मिटून थोडा विचार करत आणि निकाल देत, "अजून न्हाई उतरला." कान्हूरकडच्या एका झेंडूवाल्याचा सकाळपासून मला फोनवर फोन येत होता, बाजार जवळ आला होता आणि त्याच्या फुलांवर कीड पडली होती. मी पिन हातात घेऊन उभा, आप्पा वाटेत आडवे.

"आप्पा, माणूस बांधावर वाट बघतोय माझी."

"बघू दे. तू तापात जेवतोस का?"

"ती बॅटरी आहे, मी नाही!"

"म्हून तर सांगतुय. तू असतास तर म्हनलं असतं, जेव."

मी चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात पुटपुटलो आणि बाहेर येरझाऱ्या घातल्या. मात्र आप्पा बरोबरच असायचे असंही नाही. एकदा मी आलो तर प्रत्येक बॅटरीभोवती ओला पंचा गुंडाळलेला. उन्हाचा तडाखा होता, म्हणून त्यांनी माठातलं गार पाणी वापरलं होतं. मी किंचाळलो. पंचे भराभरा ओढून काढले, बॅटऱ्या पुसल्या, दिवसभर वाऱ्यावर ठेवल्या आणि आप्पांना ओलावा व वीज या विषयावर असं व्याख्यान दिलं की माझी मलाच कीव आली. कारण विजेबद्दल ज्यानं आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही तो माणूस खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं. त्यास्नी उकडत आसंल आसं वाटलं."

सगळ्यात आवडला त्यांना साठवणुकीचा नियम. काम नसेल तेव्हा बॅटऱ्या साधारण निम्म्या भरून ठेवायच्या असतात.

"आन् रिकामी ठिवली तर?"

"खराब होते."

"गच्च भरून ठिवली तर?"

"तरी हळूहळू खराब होते."

आप्पा बराच वेळ हसत राहिले. "ह्याचं कंपनीत ह्येच झालं की गं, गच्च भरला हुता," असं काहीसं ते काकूंना म्हणाले, माझ्याकडं बोट दाखवून. मी ते न ऐकल्यासारखं केलं.

पावसाळा सरत आला आणि दौंडकडच्या उसाची कामं मिळू लागली. तिथं एकदा माझा ड्रोन उसात पडला. पडला म्हणजे मी पाडला. शेतकऱ्याची पोरं बघायला जमली होती आणि मला वळणावर जरा ऐट दाखवायची होती. पातं मोडलं, ते बदललं. बॅटरी मी चारही बाजूंनी निरखली, कंपनीत पार्ट निरखायचो तशी, आणि जाहीर केलं, "हिला काही झालेलं नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी, ती चांगली गार झाल्याची आप्पांकडून खात्री करून घेऊन, मी तिला बाकीच्यांबरोबर चार्जिंगला लावलं. आप्पा खुर्चीत होते. मी आत जमिनीवर बसून नव्या पात्याचे स्क्रू आवळत होतो.

आधी फुत्कारल्यासारखा आवाज आला. मग गोडसर, घाणेरडा वास, आणि त्या बॅटरीच्या कडेतून पांढरा धूर. अशा वेळी काय करायचं ते मी प्रशिक्षणात लिहून घेतलं होतं, परीक्षेत त्यावर पूर्ण गुण मिळवले होते. मी काय केलं, तर गोठ्याच्या मागच्या बाजूनं उडी मारली आणि पळालो. वाटेत भेटेल त्याला "घाबरू नका, घाबरू नका" असं ओरडत मी हमरस्त्यापर्यंत गेलो. एका पायात चप्पल नव्हती. पानटपरीवाल्यानं विचारलं, "काय झालं?" तेव्हा मला आठवलं, की आप्पा तिथंच आहेत.

परत धावत आलो तोवर संपलं होतं. मुख्य बटण खाली ओढलेलं होतं. अंगणाच्या मध्यावर वाळूचा ढीग होता, त्यातून धूर निघत होता, आणि शेजारी आप्पांचं खोरं पडलेलं, त्याचा दांडा एका बाजूनं काळा झालेला. बाकीच्या बॅटऱ्या चिंचेखाली धडपणे मांडलेल्या. आप्पा उंबऱ्यावर बसले होते. काकू त्यांच्या हाताला खोबरेल लावत होत्या आणि रडत होत्या. ते अनवाणी होते.

मला पाहिल्यावर ते उठले. मला वाटलं, आता खोली खाली कर म्हणणार, आणि म्हणायलाच हवं होतं. त्यांनी जवळ येऊन माझे दोन्ही दंड चाचपले, पाठ बघितली, चेहरा बघितला.

"कुठं हुतास तू?"

"रस्त्यावर," मी म्हणालो.

"मला वाटलं, आत हायस. धुरात काय दिसंना. हाका मारल्या तुला." मग खाली बसत ते काकूंना म्हणाले, "पोरगं भायेरच हुतं की गं. उगाच शिरलो."

माझ्या बायकोनं आप्पांचा हात बरा होईपर्यंत त्यांच्या घरच्या भाकरी केल्या, आणि मी पाणी भरलं. मुख्य बटणाला त्यांनी हात कसा लावला, सरळ बोटानं की उलट्या, हे विचारायचं माझ्या अनेकदा ओठांवर आलं. बोटं भाजलेली होती, बटण ओढताना नव्हे, बॅटरी ढकलताना. तरी आप्पा चाळीला सांगत राहिले, "लाईट कुणाची वळख ठेवत न्हाई," आणि यावेळी कुणी तक्रार केली नाही. बाकीच्या बॅटऱ्या मी तपासून घेतल्या तेव्हा सगळ्या धड निघाल्या. त्यांच्यावरच माझा धंदा तगला.

पुढं दौंडकडचं काम वाढलं आणि आम्ही तिकडं बिऱ्हाड हलवलं. टेम्पो भरताना आप्पा मदतीला आले नाहीत. गोठा झाडत होते. झाडायला आत काहीच नव्हतं. मी पाया पडलो तर म्हणाले, "तिकडं शेडात खाली फरशी हाय का सिमेंट?" सिमेंट आहे म्हटल्यावर "बरं," म्हणाले, आणि पुन्हा झाडू लागले.

यंदा मी नव्या बॅटऱ्या घेतल्या. जुन्या थकल्या होत्या. फोनवर सहज बोललो, तर दोन दिवसांनी आप्पा एसटीनं दौंडला हजर. त्यांना आता ऐकू कमी येतं आणि चालताना ते भिंतीचा आधार घेतात. चहासुद्धा न घेता त्यांनी शेड दाखव म्हणून सांगितलं. वाळू आहे, वारा आहे, आसपास काही पेटण्यासारखं नाही, हे सगळं हात लावून पाहिलं. नव्या बॅटरीला हाताची उलटी बाजू लावली आणि मान डोलवली. मग चार्जरपाशी माझ्या खुर्चीत बसले. माझा फोन वाजत होता. पाटसच्या शिवारात एकजण माझी वाट बघत होता.

"जा तू कामाला," आप्पा म्हणाले. "मी हाय हितं."

मी बाकीचं सामान गाडीवर बांधून आलो तोवर त्यांना झोप लागली होती. हनुवटी छातीवर, हात मांडीवर उताणा, त्यावर त्या दुपारचा गुळगुळीत व्रण. चार्जरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. मी पाटसला फोन केला, आज जमणार नाही म्हणून सांगितलं, आणि आवाज न करता त्यांच्याजवळ खाली बसलो.