सकवारबाईंचं पिवळं कापड

सकवारबाईंना आपल्या नजरेचा गर्व होता आणि तो लपवायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात त्या तपासणी विभागाच्या प्रमुख होत्या. आठ मायक्रोस्कोप, तीन पाळ्या, चोवीस मुली. सोल्डरचा टाका केसभर चुकला तरी बाईंच्या तावडीतून सुटत नसे. घराणं तंजावरचं. पूर्वजांनी तिथे कुणाच्या तरी बाजूने तलवार चालवली म्हणे. बाईंच्या वाट्याला त्यातलं लांबलचक नाव तेवढं आलं. ते उच्चारताना तमिळ मुलींची जीभ अडखळे, म्हणून त्या नुसतं ‘अक्का’ म्हणत.

२००७च्या ऑक्टोबरात ‘मद्रास आय’, म्हणजे डोळे येण्याची साथ, आला. शहराचं चेन्नई होऊन दहा वर्षं उलटली होती, पण डोळ्यांच्या साथीला ते कुणी कळवलं नव्हतं. कारखान्यात पहिला डोळा लाल झाला तो अक्कांचाच. भाचा उदयसिंह शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून तो घेऊन आला आणि घरातल्या टॉवेलामार्फत आत्याला पोचता केला.

बाई बारा दिवस घरी बसल्या. परतल्या तेव्हा चोवीसातल्या अकरा मुली गैरहजर होत्या आणि उरलेल्या एकमेकींकडे बघायला तयार नव्हत्या. लाल डोळ्यात पाहिलं की आपलेही डोळे येतात, ही तिथली पक्की समजूत. कँटीनमध्ये सगळ्या भिंतीकडे तोंड करून सांबारभात जेवत होत्या. व्यवस्थापक कृष्णकांत छताखाली काळा चष्मा लावून फिरत आणि दिवसातून एकदा तरी खांबाला धडकत. साथीला नावही पडलं होतं, ‘अक्कांचा डोळा’.

कृष्णकांतांनी बाईंना बोलावलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सांगितलं, की सोमवारपासून त्यांनी पॅकिंगला जावं. कायमचं. खोक्यांना पट्ट्या चिकटवायला कसली आलीय नजर! बाई बाहेर पडल्या. हातात शुक्रवार उरला होता.

त्यांनी तिन्ही पाळ्यांची हजेरीपुस्तकं समोर पसरली. पहिल्या पाळीची जननी आजारी पडली, तिच्यानंतर पाच-सहा दिवसांनी दुसऱ्या पाळीची भव्या, मग रात्रपाळीची सौम्या. तिघी तीन गावांहून तीन वेगळ्या बसने येणाऱ्या, एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या. पण तिघींची जागा एकच, चार नंबर. सहा नंबरचंही तसंच. उलट पॅकिंगची शशिकला रोज बसमध्ये जननीच्या नाकाला नाक लावून गप्पा मारत आलेली, तिचे डोळे काचेसारखे स्वच्छ.

बाई उठून चार नंबरपाशी गेल्या. मायक्रोस्कोपला डोळे टेकवायच्या दोन रबरी वाट्या होत्या. शेजारी डबीत घडी घातलेलं पिवळं कापड. पाळी संपली की वाट्या त्याच कापडाने पुसायच्या आणि कापड पुढच्या पाळीसाठी ठेवायचं, हा नियम. आठ मशीन, आठ कापडं. मुली इमानाने पुसत होत्या, आणि एकीच्या डोळ्यातलं पाणी दुसरीच्या डोळ्यापर्यंत नीट पोचवत होत्या.

नियम सकवारबाईंनीच घातला होता. दोन वर्षांपूर्वी त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता.

हजेरीपुस्तकं मिटून ठेवली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण आणखी दोन दिवसांनी पुढची मुलगी पडली असती. बाईंनी कापड पिशवीत बांधलं, साबणाने हात धुतले आणि कृष्णकांतांच्या टेबलावर पिशवी ठेवली. पुस्तकं उघडून चार आणि सहा नंबर दाखवले.

कृष्णकांतांनी नोंदींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “हा कापडाचा नियम कुणाचा?”

“माझाच, सार. डोळा मी आणला असेल, पण मी बारा दिवस घरी होते. तेवढे दिवस माझं काम या कापडाने केलं.”

“हे तुम्ही स्वतःहून सांगताय?”

“दुसऱ्या कुणाला दिसलं नाही, सार. नजर माझी आहे ना.”

पॅकिंगचा हुकूम पंधरा दिवस पुढे गेला. बाईंनी कापडं जाळली. प्रत्येकीला स्वतःच्या रबरी वाट्यांची जोडी आणि नाव लिहिलेली डबी मिळाली. जागेवर बसण्याआधी साबणाने हात धुवायचे. डोळा लाल असेल तर घरी थांबायचं, आणि रजेबद्दल कृष्णकांतांनी तोंडातून ब्र काढायचा नाही, हेही बाईंनी लिहून घेतलं.

त्या पंधरवड्यात मैलापूरच्या दुकानांत काळे चष्मे हातोहात खपत होते. कारखान्याबाहेर साथ जोरात होती. तपासणीच्या टेबलावर मात्र सुरुवातीच्या दिवसांत दोघी पडल्या, आधीच लागण झालेल्या. त्यानंतर एकही नाही. पंधराव्या दिवशी तिन्ही पाळ्यांच्या चोवीसही जागा भरल्या. कृष्णकांतांनी पॅकिंगचा कागद बाईंसमोर फाडला आणि विचारलं, इतर विभागांना हे कोण शिकवणार?

बाईंनी आपली खुर्ची पुढे ओढली आणि इतर विभागांतल्या सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. खाली कंपनीची बस सुटायच्या बेतात होती; ती कुणासाठी थांबत नाही, अशी तिची ख्याती. बाईंनी निरोप धाडला, अक्का शिकवताहेत. बस चाळीस मिनिटं उभी राहिली, आणि ड्रायव्हरने एकदाही हॉर्न वाजवला नाही.