चौथा हिस्सा जुनं रबर

माझी आत्या ज्या कारखान्यात एकोणीस वर्षं राबली, तिथं चपला-बुटांचे तळ चिकटवायचं सोल्युशन बनायचं. तिचं काम तपासणीचं. चामड्याच्या दोन पट्ट्या चिकटवायच्या, खिळ्याला टांगायच्या, खाली वजन अडकवायचं आणि जोड किती तास टिकला ते वहीत लिहायचं. शिक्षण आठवीपर्यंत. पण सोल्युशनचा थेंब दोन बोटांत चोळून ती सांगायची, "ह्याला अजून वेळ आहे," आणि ते खरं निघायचं. कामगार तिला 'चिकटबाई' म्हणायचे. ती म्हणायची, "आहेच मी चिकट. धरलं की सोडत नाही."

तिच्यावर झालेला अन्याय मला शांतपणे सांगता येत नाही. आवाज चढला तर चढू दे.

एका वर्षी नव्या रबराचा भाव असा भडकला की मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्याला कुलूप लावायची भाषा सुरू झाली. तेव्हा आत्याच त्यांच्याकडे गेली. "जुन्या टायरांचं रबर पुन्हा वापरण्याजोगं करून विकतात. निम्म्याहून स्वस्त मिळतं. थोडं मिसळून बघू का?"

"बघा, बाई," मालक म्हणाले. "बुडत्याला काडीचा आधार."

पहिले तीन महिने नुसता वैताग. जुनं रबर नीट विरघळेना. डब्यात रव्यासारखे कण राहायचे, पट्टी तासाभरात खाली. साबणाने घासूनही आत्याचे हात काळेच. मग तिच्या ध्यानात आलं, की जुनं रबर आधी एकटंच लोखंडी रुळांमधून फिरवायला हवं. जुन्या चादरीसारखं मऊ पडलं, की मगच त्यात नवं घालायचं. तीन भाग नवं, एक भाग जुनं. ही पट्टी टिकली. उन्हाचा ताप सोसतो का ते बघायला एक तापवलेली पेटी होती, त्या गरम पेटीत टांगली, तिथंही टिकली. खर्च उतरला, कारखाना तरला. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "ही बाईंची करामत!" पण कागदावर कुठं एक अक्षर लिहिलं नाही.

पुढच्या वर्षी मालकांचे जावई साहेब म्हणून आले. जावई म्हणजे दहावा ग्रह, तो थेट कारखान्याच्या राशीला लागला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फर्मावलं, "चौथा हिस्सा चालतो, तर अर्धा का नाही?"

आत्याने अर्ध्याचं करून दाखवलं. साध्या खोलीत पट्टी टिकली. गरम पेटीत वीस मिनिटांत घसरली.

"साहेब, उन्हात तळ सुटतील."

"लोक बूट पेटीत घालून फिरतात का, बाई? पास लिहा."

आत्याने वहीत 'नापास' लिहिलं आणि खाली सही ठोकली. साहेबांनी कचेरीतून वेगळा अहवाल टाइप करून घेतला. त्यावर 'पास' होतं. डबे बाजारात गेले.

उन्हाळ्यात बूट दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर पोतं घेऊन आला आणि सुटलेले तळ त्याने साहेबांच्या टेबलावर ओतले. "चाळीस वर्षांत माझ्या हातचा जोड सुटला नव्हता. गिऱ्हाईक मला चोर म्हणतंय!"

साहेबांनी आत्याला बोलावून घेतलं आणि सरळ तिच्याकडे बोट केलं. "तपासणी ह्या बाईंची. जुन्या रबराचं खूळही ह्यांचंच."

आत्याने वही आणली, पान उघडलं आणि सगळ्यांसमोर वाचलं, "अर्धं जुनं. गरम पेटी, वीस मिनिटं. नापास." मग कारागिराला म्हणाली, "दादा, तुमच्या हाताला दोष नाही."

मालक बाजूलाच उभे होते. ते जमिनीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी आत्याची बदली झाली, डब्यांना लेबलं लावायच्या कामावर. बाईने कारखाना वाचवला, तिला लेबलं! ती आठवडाभर गेली आणि मग राजीनामा देऊन घरी आली. साहेबांनी गुपचूप पुन्हा चौथ्या हिश्श्यावर माल आणला. त्याच मिश्रणासाठी कारखानदारांच्या संघाने त्यांचा सत्कार केला, 'टाकाऊ रबरातून बचत' म्हणून. भाषणात म्हणाले, "माझ्या संशोधनाचं फळ." जीभ कशी झडली नाही?

पण रूळ काही भाषणावर चालत नाहीत. जुनं रबर किती फिरवायचं ते तिथं कुणालाच कळेना, डब्यांत पुन्हा कण दिसू लागले. मालक आमच्या घरी आले.

"बाई, चला परत. तुम्ही तर घरच्याच."

"घरच्या होते, तर त्या दिवशी तोंड का उघडलं नाही?" आत्याने विचारलं. "हे मिश्रण कुणी जमवलं, ते लिहून द्या आणि दारावर लावा. उद्या येते."

"जावयाचा मान आहे हो, बाई."

"मग जावयालाच रुळावर उभं करा."

मालक चहा न घेता गेले. कागद काही आला नाही, आणि आत्याही गेली नाही.

आता ती त्याच म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात बसते. तळ घासते, सोल्युशन लावते, हातोडीने ठोकते. कारखान्याचा डबा आला की आधी थेंब बोटांत चोळते. कण लागले, की डबा परत. परवा मी विचारलं, "आत्या, राग गेला का गं?"

"का जावा?" ती म्हणाली. "त्यांनी अजून लिहून कुठं दिलंय?"