अंधारातली बाटली

अण्णांना मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "तुमचं रंगाचं पाणी मी साफ करून देते." काय गरज होती एवढ्या फुशारकीची? पण बोलून बसले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, येवल्याला पैठणीचं रेशीम रंगवतात. रंगाचं पाणी मागच्या चारीत सोडायचे, त्यानं शेजारच्या काकूंची विहीर गुलाबी झाली आणि जन्माचा शेजार अबोल झाला. मी नाशिकला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेमकं यावरच काम करत होते. आमची पांढरी पूड साध्या उजेडाला दाद देत नाही. म्हणून तिच्यावर काळ्या द्राक्षांच्या सालीचा रंग चढवायचा. तो उजेड पकडतो, पुडीला कामाला लावतो आणि पूड पाण्यातला रंग मोडून टाकते. निदान टाकायला हवी.

दिवाळीत डबाभर पूड घरी नेली. ओट्यावर उन्हात ठेवलेली बादली दुपारपर्यंत नितळ! अण्णा गल्लीभर सांगत सुटले, "पोरीनं नाव काढलं." मीही मिरवून घेतलं आणि डबा रोजच्या वापराला त्यांच्याकडेच ठेवला.

महिनाभरानं प्रयोगशाळेतल्या सरांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "अंधारातली बाटली कुठेय?" तेच पाणी, तीच पूड, काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवायची, हा आमचा पहिला धडा. अण्णांना खूश करायच्या नादात मी तोच गाळला होता. येताना आणलेल्या अण्णांच्या पाण्याची लगेच ठेवली. दुसऱ्या दिवशी कागद सोडला, तर तीही नितळ.  उजेडाशिवाय पाणी साफ, म्हणजे पुडीनं रंग मोडलाच नव्हता, नुसता अंगावर घेतला होता. गाळावर सोड्याचं पाणी ओतलं, तर सगळा लाल रंग परत बाहेर.

मी फोन लावला. "अण्णा, पुडीचा गाळ कुठं टाकता?"

"काकूच्या विहिरीमागं खड्डा हाय ना, तिथंच. रेशीम उकळलेलं सोड्याचं पाणीबी तिथंच जातं. का गं?"

सोडा! म्हणजे गाळातला रंग तिथंच सुटत होता, विहिरीशेजारी.

"आन् ऐक, तुझी काकू बोलाया लागली! मीच म्हनलं, वहिनी, आता बिनधास्त प्या, माझ्या पोरीनं साफ केलंय. चार दिस झाले, नातवालाबी तेच पाजतीय."

"अण्णा, थांबवा तिला!" मी किंचाळले. "मी चुकले. रंग तिथंच आहे, दिसत नाही एवढंच."

 पलीकडं चपला फटफटल्या, आणि फोन हातात तसाच धरून पळणाऱ्या अण्णांची हाक ऐकू आली, "वहिनी! ओ वहिनी! त्याला पाजू नका!"