सोमाजीच्या डफड्यावर माझा मेसेज

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईबाबांच्याही आधी एक नाव घेतो, आणि त्याचं त्या दोघांना वाईट वाटत नाही. सुमनबाई रामटेके. गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीला आमच्या टोलीवरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, अंगणवाडीच्या सेविका. मला पाटीवर पहिलं अक्षर त्यांनी गिरवायला लावलं, बारावीनंतर इंजिनिअरिंगचा फॉर्म त्यांनी आणला, आणि १९९९ साली मी नागपूरला निघालो तेव्हा कोहमाऱ्यापर्यंत पोहोचवायलाही त्याच आल्या. धानाच्या रोवणीचे दिवस होते. आईबाबा चिखलात उभे होते. रोवणीच्या दिवसांत एक माणूस कमी पडला तरी पुढची सगळी कामं रखडतात. बाबा बांधावरूनच ओरडले होते, "जा बाबू, बाई हायेत संगं!"

कोहमाऱ्याला हायवेवर एका ढाब्यासमोर आम्ही नागपूरच्या गाडीची वाट पाहत बसलो. ट्रक सुसाट जात होते आणि माझे डोळे सारखे भरून येत होते. बाईंनी माझ्या हातातली कागदांची पिशवी काढून घेतली, मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला एकेक करून तपासला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"काऊन रडून राह्यला रे? नागपूरच त हाय."

"बाई, तिथं माझं कोणीच नाही."

"मंग करजो कोणी. तोंड देलं ना देवानं बोलाले?" आणि लगेच स्वतःच हसल्या. "देवाचं राहू दे. मायबापानं देलं."

गाडी आली. मी चढलो.

गाव सोडून गेलेल्यांनो आणि गावात राहिलेल्यांनो, हे मी तुम्हा दोघांसाठी लिहितो आहे. नागपूरच्या त्या पहिल्या वर्षी मी आयुष्यात प्रथम इंटरनेट पाहिलं! होस्टेलजवळच्या सायबर कॅफेत मी आणि माझा रूममेट शेजारशेजारच्या कॉम्प्युटरवर बसलो, दोघांनी ईमेलची खाती उघडली आणि मी त्याला पहिला ईमेल पाठवला: "तू कसा आहेस?" तो दोन फुटांवर बसला होता. मेल पोहोचल्यावर तो खुर्चीवरून उठून ओरडला, "आली, आली!" कॅफेवाला आमच्याकडे बघतच राहिला. मला मात्र त्या क्षणी एकच गोष्ट सुचली. केशोरीत एकाकडे जरी हे असतं तर! पण केशोरीत तेव्हा टेलिफोनसुद्धा दोनच होते.

पुढे पुण्याला नोकरी लागली. ऑफिस, टीम, रिलीज, अप्रेझल असे शब्द माझ्या तोंडात बसले. घरी फोन केला की आई म्हणायची, "मराठीत बोल बापा." ऑर्कुट आलं तेव्हा मी एका रविवारी त्यात 'केशोरी' असं टाकून पाहिलं आणि एक माणूस निघाला. गुलाब! माझ्याच बाकावर बसणारा गुलाब, मस्कतमध्ये क्रेन चालवत होता. सात वर्षांनी आम्ही बोललो. त्याचा पहिला निरोप होता, "ओळखलं का गा?" त्या तीन शब्दांवर मी अख्खा रविवार आनंदात घालवला.

मग फेसबुक आलं आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅप. मी 'आमची केशोरी' नावाचा ग्रुप काढला. सुरतेची नर्स, हैदराबादला सेंटरिंगचं काम करणारे, फौजेतले दोघे, मस्कतचा गुलाब, सगळे आले. गावातलेही हळूहळू आले आणि त्यांतच आला सोमाजी कोतवाल. त्याच्या लेकीने हैदराबादहून त्याला मोबाइल आणून दिला होता. सोमाजी म्हणजे आमच्या गावची दवंडी. ग्रामपंचायतीने सांगितलेलं, तलाठ्याने सांगितलेलं, कुणाची म्हैस हरवलेली, सगळं तो डफडं वाजवत चौकाचौकात ओरडून सांगायचा. त्याने काय करावं? दवंडी देतानाच मोबाइलचं बटण दाबून ती ग्रुपवर टाकायला सुरुवात केली!

"ऐका गा ऐकाऽऽ! उद्या सकारी कॅनॉलले पाणी सुटून राह्यलंऽऽ! आपापली बांधी पाहून घ्याऽऽ!"

ऑफिसात हेडफोन लावून मी ती दवंडी ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. मागे कुत्रं भुंकत होतं, कुणाचा तरी हातपंप कुरकुरत होता. सुरतेच्या नर्सने लिहिलं, "परत टाका ना काका, मी वॉर्डात होते, नीट ऐकू नाही आलं." गुलाबने सांगितलं की तो कामगारांच्या खोलीत ती मोठ्याने लावतो आणि बिहारचे, केरळचे लोकही आता 'ऐका गा' म्हणतात. सोमाजीला याचा केवढा अभिमान! तो म्हणायचा, "पयले माही दवंडी नाल्यालोक जायची. आता समुद्राच्या पल्याड जाऊन राह्यली."

एकदा गुलाबचे म्हातारे वडील गोंदिया स्टेशनवर गर्दीत हरवले. ग्रुपवर फोटो टाकला आणि आमगावला राहणाऱ्या आमच्याच एका माणसाने तासाभरात त्यांना आमगावच्या फलाटावर शोधून काढलं. चुकीच्या गाडीत बसले होते. मस्कतहून गुलाबचा रडतारडता हसण्याचा आवाज आला. त्या दिवसापासून गावात म्हणू लागले की ग्रुपवर आलं म्हणजे पक्कं. आणि ग्रुप माझा होता. मी मनातून फुलून गेलो होतो, खोटं कशाला सांगू?

आता बाईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही बौद्ध. बाईही बौद्ध. अंगणवाडी सुरू झाली त्या पहिल्या वर्षी त्यांच्या हातची खिचडी खाणारी आम्ही आठच मुलं होतो, सगळी आमच्या टोलीवरची. गावातल्या बाकी घरची मुलं यायची, गाणी म्हणायची आणि खिचडीच्या वेळेला त्यांच्या आया त्यांना घरी घेऊन जायच्या. का, ते कुणी बोलत नसे. बाईंनीही कुणाशी वाद घातला नाही. रोवणीच्या दिवसांत आया चिखलात आणि लेकरं बांधावर रडत असायची. बाई सगळ्यांचीच लेकरं गोळा करून आणू लागल्या, धुऊन-पुसून बसवू लागल्या. भुकेलं लेकरू किती वेळ दुसऱ्याच्या ताटाकडे पाहत बसेल? एकेक करून सगळी खायला लागली. याला काही वर्षं गेली. मी नागपूरला निघालो तोवर गावातली एकही आई मुलाला खिचडीआधी नेत नव्हती.

एका फेब्रुवारीतला गुरुवार होता. अंगणवाडीत दुसऱ्या दिवशी मुलांना जंताची गोळी द्यायची होती, दरवर्षी देतात तशीच. मी कँटीनमध्ये जेवत होतो. एका सहकाऱ्याने त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज मला पाठवला. दवाखान्याच्या फरशीवर ओळीने झोपवलेली मुलं, आणि खाली लिहिलेलं की जंताच्या गोळ्या खाऊन ही मुलं दगावली, सरकार लपवत आहे. मी हादरलो. माझी मुलगी अस्मिता चार वर्षांची. मी लगेच तिच्या बालवाडीत फोन करून सांगितलं की तिला गोळी देऊ नका. आणि डाव्या हाताने तोच मेसेज 'आमची केशोरी'वर ढकलला. खाली स्वतः एक ओळ घातली: "गावात सगळ्यांना सांगा. काळजी घ्या." मग जेवण संपवून मीटिंगला गेलो.

संध्याकाळी बसमध्ये ग्रुप उघडला तर सोमाजीची दवंडी आली होती. मी नेहमीसारखा खुशीत हेडफोन लावला.

"ऐका गा ऐकाऽऽ! गणवीराच्या रवीनं, पुण्याच्या इंजिनेर सायबानं खबर देली हायऽऽ! उद्याची जंताची गोळी खाऊन लेकरं मरून राह्यलेऽऽ! कोणी आपलं लेकरू बाईकडं धाडू नकाऽऽ!"

'सगळ्यांना सांगा' असं मी लिहिलं होतं. केशोरीत सगळ्यांना सांगायचं काम कुणाचं? सोमाजीचं. त्याने ते इमानदारीने केलं होतं. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांच्याही घरात माझा मेसेज डफड्यावर बसून गेला होता, आणि त्यात 'बाईकडं' हा शब्द सोमाजीने आपल्या मनाने घातला होता.

घरी येऊन मी तो फोटो इंटरनेटवर शोधला. दहा मिनिटंही लागली नाहीत. कितीतरी वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच देशातला, लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली त्याचा फोटो. गोळीशी त्याचा काही संबंध नव्हता. मी ग्रुपवर लिहिलं की मेसेज खोटा आहे. अंगठे आले, हात जोडलेले आले. पण डफडं काही वाजलं नाही.

शुक्रवारी आईचा फोन आला. "चाळीसातले सात लेकरं आले आज. गावातल्या त्या तुळशीच्या सासूनं अंगणवाडीसमोर उभं राहून बाईले काय म्हणावं, आमच्या लेकरायले काय चारून राह्यली वं तू? पयलेपासून चारून राह्यली! बाईनं आत जाऊन त्या सात लेकरायले वाढलं. तू हे काय करून बसला रे?"

मी सोमाजीला फोन लावला. "काका, दुसरी दवंडी द्या. आधीची खोटी होती म्हणून सांगा."

"बापा, दवंडी कोणी वापस घेते का?" सोमाजी चिडलाच. "पंचवीस वरसं झाले. माह्या डफड्यावर खोटं नाही वाजलं."

"वाजलं ना काका. माझ्यामुळे वाजलं."

शेवटी तो म्हणाला, "मंग तूच बोल. मी डफडं वाजवतो, तू बोल. माह्या तोंडानं मी नाही खोटा पडत."

आणि खरंच तसं झालं! शनिवारी सकाळी मी पुण्याच्या गॅलरीत उभा राहून मोबाइलमध्ये ओरडलो, "ऐका गा ऐका, मी रवी गणवीर बोलून राह्यलो. तो मेसेज खोटा होता, चूक माझी आहे, गोळी चांगली आहे, बाईंचं ऐका." शेजारचे दारं उघडून पाहू लागले. अस्मिता टाळ्या वाजवत होती. सोमाजीने चौकाचौकात डफडं वाजवून मोबाइल ग्रामपंचायतीतून मागून आणलेल्या माइकला लावला आणि नऊशे किलोमीटरवरून माझा आवाज गावात फिरला. सोमवारी चाळीसातली चौतीस लेकरं अंगणवाडीत हजर होती. ग्रुपवर जल्लोष झाला. गुलाबने तर मस्कतहून लिहिलं, "रवी कोतवाल झिंदाबाद!" मला वाटलं, जिंकलो. ज्याने बिघडवलं त्यानेच दुरुस्त केलं!

त्याच संध्याकाळी बाईंचा फोन आला. मी आनंदाने "बाई!" म्हटलं.

त्या म्हणाल्या, "तुह्या खोट्यानं लेकरं यायचे थांबले, तवा मी म्हटलं, येतीन. मी घरोघरी गेली. गोळी स्वतः खाऊन दाखवली. कोणी नाही आलं. अन् तू मोबाइलमंधून बोलला त आले. तीस वरसं मी चारून राह्यली त्यायले, रवी. माह्या तोंडावर इस्वास नाही, तुह्या मोबाइलवर हाय. हेच मले लागलं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला. नंतर चार वेळा लावला, उचलला नाही. आईकडून कळलं की लेकरं आली आहेत खरी, पण खिचडीच्या वेळेला काही आया लेकरांना न्यायला दाराशी येऊन उभ्या राहतात. राहिलेल्या मुलांना गोळी देण्यासाठी पुढच्या सोमवारी पुन्हा एक दिवस होता, आणि बाई आईला म्हणाल्या होत्या, "आता मी राजीनाम्याची चिठ्ठी लिहून मोकळी होतो, दुसरी बाई पाहा म्हणतो."

मला जगात कुठूनही गावाशी बोलता येतं याचा मला अजूनही तितकाच आनंद आहे, तो मी लपवणार नाही. पण घर म्हणजे काय, ते मला त्या आठवड्यात कळलं. जिथे माझ्या एका ओळीने कुणाची तीस वर्षं मोडू शकतात आणि जिथे ती जोडायला मला स्वतःला जावं लागतं, ते माझं घर. मी दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं आणि स्पीड पोस्टने हे पत्र पाठवलं.

आदरणीय बाई,

जय भीम. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहितो.

माझी चूक दोन वेळा झाली. पहिल्यांदा न पाहता मेसेज पाठवला. दुसऱ्यांदा तुम्हाला न विचारता तुमच्या वतीने बोललो, आणि त्यावर खूशही झालो.

मी शनिवारी पुण्याहून निघतो. रविवारी गोंदियाहून अर्जुनीची गाडी धरून दुपारपर्यंत केशोरीला येतो. अस्मिताला घेऊन येत आहे. त्या मेसेजमुळे तिच्या बालवाडीत मीच गोळी बंद करायला सांगितली होती, त्यामुळे तिचीही गोळी राहिली आहे. सोमवारी तिला रांगेत सगळ्यांच्या पुढे बसवा आणि सगळ्या आयांसमोर पहिली गोळी तिला द्या, तुमच्या हाताने. मग खिचडीही द्या. मी मोबाइल घरी ठेवून येईन आणि एक शब्दही बोलणार नाही. बोलायचं ते तुम्ही बोला, मलाही बोला, सगळ्यांसमोर.

राजीनाम्याची चिठ्ठी लिहिली असेल तर सोमवारपर्यंत थांबा, एवढंच मागतो.

आणखी एक. अस्मिता सहा महिन्यांची असताना तुम्ही तिला मांडीवर घेतलं होतं, पण तिला ते आठवत नाही. ती अनोळखी माणसाच्या हातचं काही खात नाही. म्हणून रविवारी संध्याकाळीच घरी या. आधी तिची ओळख करून घ्या.

तुमचा
रवी