बर्फ किती वेळ मऊ राहतो

मनालीला लोक लग्न झाल्यावर जातात. मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, घेऊन गेलो. माझा थोरला भाऊ दत्ता फौजेत असताना बर्फाचा कडा कोसळून त्याखाली गेला, आणि आप्पांना ते पटतच नव्हतं. बर्फ मऊ, त्यातून धडधाकट माणूस वर येणारच. नाही आला तर सोबत्यानं उकरून काढायला नको का? सोबती होता भांडगावचा शंकर. तो दोनदा भेटायला आला, पण आप्पांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तळेगाव ढमढेऱ्याहून जीपनं दौंड, तिथून संध्याकाळची झेलम एक्स्प्रेस, दिल्लीहून रात्रभर बस. भाकरी-चटणी दुसऱ्याच दिवशी संपली, पुढं राजमा-भातावर भागवलं. सोलंगच्या वाटेवर कोट आणि गमबूट भाड्यानं मिळतात. घासाघीस जरूर करा.

वर पहाटेच पडलेला ताजा बर्फ होता. आप्पांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. त्यांनी मूठभर बर्फ उचलून फुंकर मारली, तो भुरभुर उडाला.

"पिंजल्याली लोकरच की ही," ते म्हणाले. "ह्यात कोण मरतंय?"

आमचे वाटाडे ठाकूरजी. त्यांनी बाहीवरचा एक कण दाखवला, सहा पाकळ्यांची चांदणी. दिवसागणिक या पाकळ्या झिजतात, कण गोल होऊन एकमेकांना चिकटतात, असं त्यांनी समजावलं. कडा कोसळताना तर चांदण्यांचा चुराच होतो, आणि थांबल्यावर तो चुरा घटकाभरात आळून दगड होतो. मी ते मराठीत सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं.

"माझा पाय पुरा म्हनावं त्यात."

मला नको वाटत होतं. ठाकूरजींनी खड्डा केला, आप्पांनी त्यात पाय घातला, आणि ठाकूरजींनी गुडघ्यापर्यंत फावड्यानं बर्फ रचून थापटला. आम्ही तिथंच चहा प्यालो.

"अब निकालिए, बाबूजी."

पाय हलेना. आप्पांनी दोन्ही हातांनी मांडी धरून ओढली. मग बोटांनी उकरायला लागले. नखं लाल झाली तरी ढेकूळभर बर्फ निघाला नाही. मी पुढं झालो तर "थांब" म्हणाले, आणि रडायला लागले. दत्ताला घरी आणलं तेव्हाही ते रडले नव्हते. माझ्याच्यानं बघवत नव्हतं.

घरी आल्यावर फोटोंचा रोल धुवायला टाकला, तो अजून आणलेला नाही. परवा आप्पा मला घेऊन चौफुल्याला एसटी बदलून भांडगावला गेले. शंकर ओसरीवरून उठून उभा राहिला. आप्पांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"तू उकरलं असशील, पोरा," ते म्हणाले. "न्हाई निघत. मी बघून आलोय."