खंड्याचं गुरगुरणं

वॉचमन मामांनी कुत्र्याला कधी शिवी दिली नाही. सगळ्या शिव्या त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवल्या होत्या. मी कॉलेजात शिकवणारा, कॉलनीचे चेअरमन इंजिनिअर, पण मामांच्या लेखी आम्ही सारखेच अडाणी. मामा गंगापूरकडचे धनगर. मेंढरं विकून झाल्यावर आमच्या गारखेड्यातल्या कॉलनीच्या गेटवर येऊन बसले. त्या वेळी इथे घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. त्यांच्याबरोबर दोन कुत्री आली. भुरी म्हातारी, आणि खंड्या तरणा, काळाभोर.

"दोन कशाला, मामा?" मी विचारलं होतं.

"एकटं कुत्रं येडं होतंय, सर."

आज आमच्या कॉलनीत घरोघरी महागाची कुत्री आहेत. एकेकटी, ग्रिलला बांधलेली, दिवसभर भुंकणारी. मालक मला विचारतात, याला झालंय तरी काय? मी सांगतो, सोबत नाही त्याला. मग ते हसतात, आणि माझं डोकं फिरतं.

संध्याकाळी भुरी आणि खंड्या मोकळ्या प्लॉटवर एकमेकांवर तुटून पडायची. खंड्या तिची मान तोंडात धरायचा, ती उताणी व्हायची, आणि भांडण सोडवायला शेजारणी पाण्याची बादली घेऊन धावायच्या. मामा खवळायचे. "भांडत नायत ती. आदी खंड्यानं पुढचं पाय पसरलं, खाली वाकला, बगितलं का? इचारून खेळतंय ते. तुमी तरी इचारता का कुणाला?" मग मला बाजूला घेऊन दाखवायचे. एवढा तगडा खंड्या मधूनच स्वतः खाली पडायचा, म्हातारीला वर येऊ द्यायचा. तसं केलं नाही तर ती उद्या खेळायला येणार नाही, हे त्याला कळत होतं. मी रोज तिथून जायचो, पण मला ते कधी दिसलं नव्हतं.

भाकरी टाकायची मामांची रीत मेंढरांमागची. पहिला तुकडा म्हाताऱ्या कुत्र्याला, मग तरण्याला, तोही लांब टाकून. खाताना कुणी जवळ गेलं की खंड्या गुरगुरायचा. मामा त्याला काही म्हणत नसत. स्वतःच दोन पावलं मागे सरून अंग वळवून उभे राहायचे. "गुरगुरतंय तवर भ्याचं नाय," ते म्हणायचे. "सांगतंय ते आपल्याला. लांब व्हा म्हन्तंय."

हे सगळं ऐकूनही मी जे केलं, ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. एकदा खंड्या माझ्या मुलीवर गुरगुरला. मी काठी उचलली. मग मामा दुपारी नळावर गेले की मी लक्ष ठेवून बसायचो. खंड्या गुरगुरला की काठी. पंधरा दिवसांत त्याचं गुरगुरणं बंद झालं. मी घरी फुशारकीनं सांगितलं, "बघा, कसा सरळ केला." शिकलेला गाढव मी.

आठवडाभरात चेअरमन गेटमधून येताना खंड्याची भाकरी बुटानं बाजूला सारायला गेले. खंड्या गुरगुरला नाही. थेट पोटरीला चावला.

रविवारी सकाळी मीटिंग भरली. खंड्याला कुत्री धरणारी गाडी बोलावून पकडून द्यायचं, म्हातारी भुरी राहिली तर राहू दे, आणि वॉचमनला पटत नसेल तर त्यानं काम सोडावं, असा ठराव. एरवी आम्हाला झापणारे मामा हात जोडून उभे होते. "साहेब, ह्यो न सांगता चावनारा नव्हता. कुणीतरी मारून मारून त्याचं सांगनं बंद केलंय. आन जोडी तोडू नका. त्याला नेलं तर म्हातारी खानं सोडंल."

"कोणी मारलं? नाव घ्या," चेअरमन म्हणाले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. नाव त्यांनी घेतलं नाही. आणि मी, पोरांपुढे तासन्‌तास बोलणारा, सतरंजीचे धागे उपटत बसलो. ठरावाला हात वर झाले तेव्हा माझाही झाला. त्या हाताचा मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी वळकटी बांधली. एसटीत कुत्री घेत नाहीत, म्हणून गंगापूरपर्यंत पायी निघाले. मी मागे धावलो. जीप करून देतो म्हणालो.

मामा थांबले. पहिल्यांदाच त्यांनी शिवी दिली नाही. हळू आवाजात म्हणाले, "सर, कुत्रं गप बसलं ते मार खाऊन. तुमाला कुणी मारलं व्हतं?"

ते चालू लागले. भुरी दमून थांबली की खंड्या थांबायचा, खंड्या थांबला की मामा थांबायचे. मागे वळून मात्र तिघांपैकी कुणीच पाहिलं नाही.